काट्यांचे कूळ

1908 साली फोर्डची मॉडेल टी बाजारात आली, तेव्हा टाकीत पेट्रोल किती उरले हे सांगणारे तिच्यात काहीच नव्हते. पुढची सीट उचलायची, खालच्या टाकीचे झाकण फिरवून काढायचे आणि काठी बुडवून पाहायची. तेल बघायला इंजिनाच्या तळाशी दोन छोट्या तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आले तर ठीक. खालचीतूनही आले नाही तर गाडी हलवायचीच नाही. इंजिन किती तापले, ते वाफ उसळली की कळे. आज कोणी जुन्या गाडीला जादा गेज बसवू लागला, की 'कशाला कंपनीच्या गाडीत हात घालतोस?' असे विचारणारे शहाणे भेटतातच. पण काट्यांचे कूळ शोधत गेले, तर त्यांतल्या एकाने तरी मालकाच्या हाताने, मालकाच्या खर्चाने गाडीत पाऊल टाकलेले दिसते. कारखान्याला ती कल्पना नंतर पटली.

तो काटा तापमानाचा. अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने रेडिएटरच्या टोपीवर बसवायचा थर्मामीटर काढला, त्याचे नाव मोटोमीटर. टोपीला मधोमध भोक पाडायचे, थर्मामीटर त्यात घट्ट बसवायचा, की स्टिअरिंगवर बसल्या बसल्या काचेआडून तांबडी रेघ चढताना दिसे. तो पाणी मोजत नसे, पाण्यावरची वाफ मोजे. पण उकळी फुटण्याआधी इशारा मिळे आणि तेवढे पुरे होते. 1920 च्या दशकाच्या अखेरीस तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला आणि टोपीवरचा हा मानकरी निव्वळ शोभेचा उरला.

डॅशबोर्डवर आलेला काटा मात्र दुसऱ्याच घराण्यातला होता. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँच्या हातून ऊर्ध्वपातनाच्या यंत्राची वेटोळी नळी एकदा चपटी झाली. ती फुगवून सरळ करण्यासाठी त्याने आत दाबाने पाणी सोडले, तर नळीची वेटोळी उलगडू लागली. जत्रेतली गुंडाळलेली पिपाणी फुंकल्यावर सरळ होते, तसेच. 1849 मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. नळीच्या बंद टोकाला दातेरी चाक आणि काटा जोडला, की झाला दाबमापक. आधी बॉयलर आणि रेल्वेची इंजिने, मग मोटारीच्या तेलाचा दाब.

जुन्या ब्रिटिश गाड्यांतला तापमानाचा काटाही आतून बूर्दाँचाच असतो. इंजिनात बुडालेल्या पितळी बल्बमध्ये ईथर असते. ते तापले की त्याची वाफ केसाएवढ्या बारीक नळीतून मीटरपर्यंत दाब पोचवते. म्हणजे हा काटा तापमान दाखवतो, पण मोजतो दाब. नळी कुठे चिरली तर ईथर उडून जाते आणि काटा कायमचा थंड पडतो. अशा वेळी घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांची एक युक्ती मला फार आवडते. त्याच जातीचे एक स्वस्त, चालू मीटर आणायचे. त्याचा बल्ब बर्फ आणि मिठाच्या काल्यात बुडवून गारठवायचा, म्हणजे आतले ईथर द्रवरूपात बसून राहते. मग नळी कापून ती जुन्या मीटरच्या नळीला बारीक बाहीत डाग देऊन जोडायची. बर्फ वितळायच्या आत डाग पक्का झाला पाहिजे, आणि ईथर पेट घेते म्हणून उघडी ज्योत जवळ नको.

वेगाच्या काट्याचा मूळपुरुष ओटो शुल्झ. त्याने 1902 मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये, केबलने फिरणारे चुंबक आणि त्याला न टेकलेली धातूची वाटी अशी रचना केली. चुंबक वाटीला ओढू पाहते, केसासारखी स्प्रिंग तिला धरून ठेवते. अजूनही काटा नाचू लागला, की दोष बहुधा मीटरचा नसून कोरड्या किंवा मुडपलेल्या केबलचा असतो. आतली तार ओढून पुसायची, ग्रीस लावायचे, पण मीटरकडची तीनचार इंच कोरडी सोडायची. नाहीतर ग्रीस वर चढून वाटीत शिरते.

1960 च्या दशकात ब्रिटनच्या स्मिथ्स कंपनीच्या पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांत तापून वाकणारी द्विधातूची पट्टी आली. ती सावकाश वाकते, त्यामुळे टाकीत पेट्रोल हिंदकळले तरी काटा शांत असतो. पण या दोघांना सारखा, सरासरी 10 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो देतो एक छोटा डबीवजा स्टॅबिलायझर. दोन्ही काटे एकाच दिवशी चढे आकडे दाखवू लागले, तर मीटर उघडू नका. त्या डबीचे अर्थिंग बघा. हल्ली हौशी लोक डबीतले जुने सामान काढून 7810 ही आयसी बसवतात. बाहेरून ओळखूही येत नाही.

अँमीटरची गोष्ट उलटी. तो काढून त्या जागी व्होल्टमीटर बसवावा, या मताचा मी आहे. गाडीचा चार्जिंगचा सारा प्रवाह जाड तारांनी डॅशबोर्डमागे आणून त्याच्यातून पार करावा लागतो. लुकास कंपनीचा सी-40 डायनॅमो 22 अँपिअर देई, तोवर चालून गेले. त्या जागी त्याच्या दुप्पट प्रवाहाचा अल्टरनेटर लावला, की त्याच तारा आणि तेच स्क्रू तापू लागतात. व्होल्टमीटरला दोन बारीक तारा पुरतात. फक्त अँमीटरच्या काढलेल्या दोन जाड तारा एकमेकींना पक्क्या जोडायला विसरायचे नाही. इंजिन बंद असताना 12.6 आणि चालू असताना 14 च्या आसपास दिसले, तर बॅटरीची काळजी नको.

1930 च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने काट्यांऐवजी दिवे लावायला सुरुवात केली आणि पुढे स्वस्त गाड्यांत तीच रीत पडली. तेलाचा दिवा लागतो तो दाब पाचसात पौंडांवर घसरल्यावर, म्हणजे बहुतेक उशीरच झालेला असतो. घाट चढताना दाब चाळिसावरून पंचविसावर आला, ही बातमी फक्त काटाच देतो. म्हणून पद्मिनी किंवा अँबॅसिडर जपणारे आजही पहिला जादा काटा तेलाचाच लावतात. प्रीमियरचा कारखाना होता त्या कुर्ल्यातच भंगारात जुने मीटर शोधणारेही भेटतात.

बसवताना आट्यांची गफलत होते. एक अष्टमांश इंचाच्या ब्रिटिश चुडीला इंचाला 28 आटे, अमेरिकन चुडीला 27. हाताने दोनतीन फेरे दोन्ही नीट बसतात, मग अडतात. पाना लावून दामटले, तर ब्लॉक चिरतो. योग्य अडॅप्टर आणि टी-जोड घ्यावा. एका फाट्यावर काटा, दुसऱ्यावर जुना दिवा. दिवा काढू नये. रात्री ट्रकमागून ओव्हरटेक करताना काट्याकडे कोण बघतो?