पहिल्याच दिवशी पेपर काढणारी शाळा : मिसुरीचे पत्रकारिता विद्यालय

पत्रकारिता शिकायची म्हटलं की आपल्याकडे वर्ग, नोट्स आणि शेवटी एखाद्या दैनिकात थोडे दिवस उमेदवारी, असंच चित्र डोळ्यासमोर येतं. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात मात्र ही उमेदवारी म्हणजेच शिक्षण.

हे विद्यालय मिसुरी राज्यातील कोलंबिया शहरात आहे. (न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ वेगळे, तिथले पत्रकारिता विद्यालय १९१२ मध्ये सुरू झाले.) मिसुरीत १४ सप्टेंबर १९०८ रोजी पहिला वर्ग भरला आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या पेपरचा पहिला अंकही निघाला. तोच पेपर पुढे 'कोलंबिया मिसुरियन' म्हणून ओळखला जाऊ लागला.

संस्थापक वॉल्टर विल्यम्स लहान गावातले. छापखान्यात पोऱ्या म्हणून लागले, पुढे संपादक झाले. स्वतःकडे कॉलेजची पदवी नव्हती, तरी नंतर ते याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

काम कसं चालतं?

'मिसुरियन' हा कॉलेजच्या भिंतीआड वाचला जाणारा अंक नाही, तो शहराचा पेपर आहे. नगर परिषद, शाळा मंडळ, कोर्ट, पोलीस या सगळ्यांच्या बातम्या विद्यार्थी आणतात. संपादकाच्या खुर्चीत बसलेले अनुभवी पत्रकारच त्यांचे प्राध्यापक असतात. विद्यापीठाच्या मालकीचं केओएमयू हे टीव्ही केंद्र १९५३ पासून सुरू आहे. ते एनबीसी वाहिनीशी जोडलेलं असून तिथल्या न्यूजरूममध्येही विद्यार्थी काम करतात. केबीआयए या रेडिओ केंद्रावरही तसंच. या शिकवण्याला 'मिसुरी पद्धत' म्हणतात.

चूक झाली तर?

खरी अडचण इथंच आहे. वर्गातली चूक वहीत राहते, पेपरातली गावभर होते. विद्यार्थी शिकतो, पण नाव बदनाम होतं दुसऱ्याचं. म्हणून 'मिसुरियन'मध्ये बातमी लागण्याआधी बातमीदाराने संबंधितांना पुन्हा फोन करून नावं, आकडे, पदं आणि म्हणणं पडताळून घ्यायचं असतं. विल्यम्स यांनी लिहिलेल्या पत्रकाराच्या आचारसंहितेचा गाभाही हाच : वृत्तपत्र ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे.

आज तालुक्यात मोबाईल हातात आला की कुणीही बातमीदार होतो. त्यासाठी मिसुरीला जायची गरज नाही. पण ग्रामसभेची बातमी टाकण्याआधी सरपंचाला आणि तक्रारदाराला, दोघांनाही एक फोन करायला काय हरकत आहे?