भेदरलेल्या श्वानाची शिकवणी

माणसाने कुत्र्याला माणसाळविले त्याला हजारो वर्षे लोटली. परंतु भ्यालेल्या कुत्र्याला कसे शिकवावे याचा शास्त्रीय विचार जेमतेम शंभर वर्षांचा आहे; आणि त्यांतीलही निम्मी वर्षे ते ज्ञान हाताशी असून वापरावाचून पडून राहिले. असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस त्या ज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राड शहरात महापूर आला. वादळाने समुद्राचे पाणी नेवा नदीत मागे रेटले आणि नदी शहरात शिरली. तेथील प्रायोगिक वैद्यक संस्थेत इव्हान पावलोव्ह यांची प्रयोगशाळा होती. कुत्र्यांची खुराडी पाण्याखाली जाऊ लागली, तेव्हा सेवकांनी त्या मुक्या जिवांना पोहवत पोहवत मुख्य इमारतीत आणले. (पावलोव्ह यांचे नाव वाचकांस परिचित असेलच. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते रियाझान येथील एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूचे पुत्र असून तेथल्याच सेमिनरीत शिकत होते आणि १८७० साली ती सोडून विज्ञानाकडे वळले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आम्हां सेमिनरीत वाढलेल्यांना याची थोडी गंमत वाटते.)

पूर ओसरला. कुत्री वरकरणी धडधाकट दिसत होती. परंतु त्यांतील एका कुत्र्याचे सारे शिकलेले जणू पुसून गेले होते. ज्या खुणेसरशी त्याच्या तोंडाला पाणी सुटे ती खूण आता व्यर्थ ठरली. पुढे ठेवलेल्या अन्नाकडेही तो पाहीना. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता असा, की प्रयोग करणाऱ्याने खोलीबाहेर बसावे आणि कुत्र्याने आत एकटे असावे. या कुत्र्यासाठी तो शिरस्ता मोडण्यात आला. त्याच्या ओळखीचा माणूस खोलीत त्याच्याजवळ बसू लागला, आणि कुत्रा खाऊ लागला. माणूस उठून गेला, की पुन्हा सारे बिघडे. असे आलटूनपालटून करीत तो हळूहळू सावरला. त्यानंतर एके दिवशी मुद्दाम दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडण्यात आली. ती पाहताच तो दचकून उठला, धापा टाकू लागला आणि चौथऱ्यावरून सुटू पाहू लागला. भय गेले नव्हते. ते दडून बसले होते.

योगायोग असा, की त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने पीटर नावाच्या बालकाची हकीगत प्रसिद्ध केली. दोन वर्षे दहा महिन्यांचे हे मूल पांढऱ्या सशाला, फरच्या कोटाला, कापसालाही भीत असे. इतर मुलांच्या संगतीत त्याची भीती बरीच उतरली होती; तेवढ्यात तो आजारी पडून इस्पितळात गेला आणि तेथून परतताना गाडीत बसतेवेळी एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. भीती पहिल्यासारखी परत आली. मग बाईंनी निराळी युक्ती योजली. पीटरला उंच खुर्चीवर बसवून त्याच्या आवडीचा खाऊ द्यावयाचा आणि पिंजऱ्यातला ससा इतक्याच अंतरावर आणावयाचा, की त्याचे खाणे थांबू नये. रोज ते अंतर थोडे कमी करावयाचे. अखेरीस सशाने पीटरची बोटे कुरतडली तरी त्यास काही वाटेनासे झाले. आज भित्र्या कुत्र्याला शिकविताना जे केले जाते, ते तत्त्वतः हेच होय.

मग ते कुत्र्यांपर्यंत पोहोचावयास इतका विलंब का लागला? आमच्या मते याचे उत्तर छावणीत सापडते. कुत्र्यांच्या शिक्षणाची आधुनिक परंपरा प्रशियाच्या पोलीस दलातील कोनराड मोस्ट यांच्यापासून चालत आली. त्यांचा ग्रंथ १९१० साली निघाला. मोस्ट यांना बक्षिसाचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. पण काटेरी गळपट्टा आणि चाबूक ही त्यांच्या पद्धतीची मुख्य साधने होती. पोलीस व सैन्य यांना हवा होता धीट, राकट कुत्रा. भेदरट कुत्रा निवडीतच गळत असे, त्यामुळे त्याच्यासाठी काही शोधण्याची गरजच कोणाला भासली नाही. पुढे हीच पद्धत घराघरांत आली आणि घरचा भित्रा कुत्रा ‘हट्टी’ ठरला. खाऊ देणे म्हणजे लाच, असेही मानले गेले.

वाट बदलली ती अनपेक्षित ठिकाणाहून. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे शिष्य केलर व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४७ साली बक्षिसावर आधारलेल्या प्राणिशिक्षणाचा व्यवसायच काढला. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. जोसेफ वोल्पे यांनी भेदरविलेल्या मांजरांना पायरीपायरीने खाऊ घालून निर्भय केले आणि त्यावरून माणसांच्या भयगंडावरील उपचार १९५८ सालच्या ग्रंथात मांडले. हवाई बेटांवर कॅरेन प्रायर डॉल्फिनना शिकवीत होत्या. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही, मारता येत नाही. रागावलात तर तो नुसता पोहत दूर जातो. शिट्टी आणि मासळी, एवढ्यावरच भागवावे लागते. या अनुभवावर बेतलेले त्यांचे पुस्तक १९८४ साली निघाले आणि कुत्रे पाळणाऱ्यांनी ते उचलून धरले. अमेरिकेतील प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१ साली तर स्पष्टच सांगितले, की शिकवणी केवळ बक्षिसाधारित असावी.

येथे पद्धतीतील एक खुबी सांगितली पाहिजे, कारण बहुतेकांचे तेथेच बिनसते. भीतीची वस्तू आधी दिसली पाहिजे आणि खाऊ लगेच तिच्यामागून आला पाहिजे. क्रम उलटला, तर खाऊच संकटाची पूर्वसूचना ठरतो आणि कुत्रा खाऊलाही बिचकू लागतो. कुत्र्याने आवडीचा घास नाकारला, वारंवार ओठ चाटले, शेपूट पोटाशी घेतली, तर अंतर फार कमी झाले असे समजावे आणि मुकाट्याने मागे यावे. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. मारल्याने गुरगुरणे तेवढे थांबते, भय थांबत नाही. आणि असा कुत्रा पुढे इशारा न देताच चावण्याचा संभव असतो.

आपल्या गावांत हा प्रश्न फटाक्यांच्या दिवसांत उभा राहतो. दिवाळी झाली की नाताळ, मग लग्नसराई. खाटेखाली थरथरत बसलेल्या कुत्र्याला ओढून अंगणात आणणारे, ‘सवय होईल’ म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तशी सवय सहसा होत नाही. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज प्रथम अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतका लावावा. कान टवकारले की मासळीचा वा उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. आवाज बंद, तुकडे बंद. कुत्रा निवांत राहिला तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. याला आठवडे लागतात, कधी महिनेही. म्हणून ही शिकवणी पावसाळ्यातच सुरू केलेली बरी. आणि प्रत्यक्ष फटाक्यांच्या रात्री दारे-खिडक्या लावून घरातल्या कोणीतरी त्याच्याजवळ बसावे.