माहूर नक्की कोणाचं?

मारेगावहून माहूरला जाताना धनोड्याला पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपून नांदेड सुरू होतो. समोर सागाचं जंगल आणि तीन शिखरं: रेणुका, दत्त, अनसूया. दत्तशिखरावर महंतांचा मठ.

पण मंडळी, ही नदी कायमची सीमा नव्हती. 15व्या शतकात बहमनी वजीर महमूद गवानने वऱ्हाडचे दोन भाग केले. एकाचं ठाणं गाविलगड, दुसऱ्याचं माहूर! 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, माहूर मात्र निजामाकडे राहिलं. म्हणजे पुढची जवळपास शंभर वर्षं आमच्याकडचे भाविक देवीसाठी निजामाच्या राज्यात जात. 1956 मध्ये किनवटसोबत माहूरही आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नांदेडला जोडलं.

विदर्भाचं की मराठवाड्याचं, असा वाद आज आपण खुशाल घालतो. 1956 ला ते झालं नसतं, तर माहूर आज तेलंगणात असतं!