सतरा दिवसांनंतरची टाळेबंदी

२०२० च्या टाळेबंदीत घरात बसून तुमच्यापैकी अनेकांनी शिकागो बुल्सवरची ‘द लास्ट डान्स’ ही माहितीपट मालिका पाहिली असेल. त्या गोष्टीचा कळस म्हणजे १४ जून १९९८ चा सामना. शेवटची काही सेकंदं उरलेली असताना मायकल जॉर्डन बास्केट करतो, बुल्स युटा जॅझला ८७-८६ असं हरवतात आणि आठ वर्षांतलं सहावं विजेतेपद शिकागोला येतं.

पुढच्या हंगामात याच संघाने ५० पैकी फक्त १३ सामने जिंकले. ३७ हरले. या हंगामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या संशोधनाला मात्र तोच जास्त उपयोगी पडतो. मी व्यावसायिक खेळाडूंकडे कामगार म्हणून पाहते, आणि कामगारांच्या इतिहासात घडी विस्कटल्यावरच ती कशी बसवलेली होती ते दिसतं.

त्या विजयानंतर सतराव्या दिवशी, १ जुलैला, एनबीएच्या संघमालकांनी टाळेबंदी सुरू केली. ही टाळेबंदी जुन्या अर्थाची, आपल्याकडे गिरण्यांच्या संदर्भात वापरला जाणारा शब्द. कामगार काम थांबवतात तो संप, मालक कुलूप लावतो ती टाळेबंदी. हा फरक पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आधी नेहमीची गोष्ट बघू. बुल्सचे जनरल मॅनेजर जेरी क्राउस यांनी चांगला चाललेला संघ मोडला, असं बहुतेक चाहते सांगतात. याला आधार आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक फिल जॅक्सन यांना एका वर्षाचा करार दिला गेला आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष असेल, हे क्राउस यांनी तेव्हाच सांगून टाकलं. दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळणार नाही, असं जॉर्डन म्हणत होता. पण यातून फार तर दोन माणसं का गेली ते कळतं. बाकीचे का गेले?

त्यासाठी पगारपत्रक बघावं लागतं. १९९७-९८ मध्ये जॉर्डनला सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर मिळत होते. एका संघाच्या एकूण पगारावरची मर्यादाच तेव्हा २ कोटी ७० लाखांच्या आसपास होती! स्वतःच्या जुन्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना ही मर्यादा ओलांडायची सवलत होती, म्हणून हे जमलं. आणि संघातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू स्कॉटी पिपेन? त्याला ३० लाखांपेक्षाही कमी. बारा भावंडांच्या गरीब घरातून आलेला हा माणूस. घरात वडील आणि एक भाऊ व्हीलचेअरला खिळलेले. उद्या दुखापत झाली तर काय, या धास्तीने त्याने १९९१ मध्ये लांब मुदतीचा, हमखास पैशांचा करार केला. पुढे खेळाडूंचे बाजारभाव कुठल्या कुठे गेले, त्याचा करार तिथेच राहिला. म्हणजे बुल्सच्या यशाचा काही भाग पिपेनच्या स्वस्त श्रमावर उभा होता.

जून १९९८ मध्ये जॉर्डन, पिपेन, डेनिस रॉडमन, ल्यूक लाँगली, स्टीव्ह कर या सगळ्यांचे करार एकदमच संपले. तोच संघ ठेवायचा तर आता बाजारभाव मोजावा लागणार होता, तोही जॉर्डन ३५ वर्षांचा, रॉडमन ३७ चा आणि पिपेन तेहतिशीला टेकलेला असताना.

हाच प्रश्न सगळ्या लीगपुढे मोठ्या प्रमाणात होता. १९९७ मध्ये केव्हिन गार्नेटला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार मिळाला, आणि पगारांना लगाम हवा असं मालकांना वाटू लागलं. टाळेबंदीमागचं मोठं कारण हेच. ती चालू असताना संघांना खेळाडूंशी बोलणी करायलाच मनाई होती. ६ जानेवारी १९९९ ला तडजोड झाली. त्यात एकेका खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा आली. १३ जानेवारीला जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली. पाठोपाठ पिपेन ह्यूस्टनला, लाँगली फिनिक्सला, कर सॅन अँटोनियोला गेला. ५ फेब्रुवारीला हंगाम सुरू. नवे प्रशिक्षक टिम फ्लॉइड थेट कॉलेज बास्केटबॉलमधून आलेले, आणि संघ उभा करायला त्यांच्या हातात जेमतेम तीन-चार आठवडे.

पुढचं थोडक्यात सांगते. संघाची सरासरी सामन्यामागे ८२ गुणांच्याही खाली, लीगमध्ये सर्वांत कमी. १० एप्रिलला मायामीविरुद्ध अख्ख्या सामन्यात ४९ गुण. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आल्यापासून इतके कमी गुण कुठल्याच संघाने केले नव्हते.

पण दोन गोष्टी खलनायकाच्या कथेत बसत नाहीत. एक, पिपेनला बुल्सने नुसतं सोडलं नाही. आधी स्वतः मोठा करार देऊन मग ह्यूस्टनला पाठवलं, त्यामुळे त्याला तिथे सरळ गेल्यावर मिळाले असते त्याहून बरेच जास्त पैसे मिळाले. दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. इतकं हरूनही शिकागोतली तिकिटं संपतच होती! १९८७ पासूनची ‘हाउसफुल’ची मालिका तुटली ती थेट २००० मध्ये. मैदानावरचं अपयश गल्ल्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला.

मग हे सगळं अटळ होतं का? विजेत्या संघाची घसरण नवी नाही. तेरा वर्षांत अकरा विजेतेपदं मिळवणाऱ्या बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल निवृत्त झाला आणि १९६९-७० मध्ये त्यांनीही ३४ सामने जिंकून ४८ गमावले. पण जॉन हॅवलिचेक तिथेच राहिला, आणि १९७४ मध्ये ते पुन्हा विजेते झाले. बुल्सना प्लेऑफमध्ये परतायलाच २००५ उजाडलं. घसरण अटळ असेलही. ती किती खोल जाणार हे मात्र कोण उरलं यावर ठरतं.

आणि शिकागोत कोण उरलं? विजेत्या संघातले टोनी कुकोच आणि रॉन हार्पर त्या हंगामात खेळत होते, कारण त्यांचे करार संपायचे होते. १३-३७ हा आकडा त्यांच्या आणि फ्लॉइड यांच्या नावावर लागला. तुम्ही पुढच्या वेळी तो हंगाम ‘जॉर्डन गेला आणि संघ संपला’ असा ऐकाल, तेव्हा एवढंच विचारा: कोणाचा करार कधी संपत होता, आणि कुलूप कोणी लावलं होतं?