किल्ली एकाकडे, हजेरीपट दुसऱ्याकडे

करंजाड्याहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. शिवाजी महाराजांनी 1670 साली हा गड मोगलांकडून परत घेतला. महाराजांच्या गडांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे सारख्याच दर्जाचे अधिकारी असत, असे सभासदाची बखर सांगते. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या हाती. पण माणसांचा हजेरीपट सबनिसाकडे. ज्याच्याकडे कुलूप, त्याच्याकडे यादी नाही!

याच पनवेल परिसरात 2020 च्या जुलैत योट्टा कंपनीचे डेटा सेंटर सुरू झाले. अशा इमारतींत सर्व्हर, म्हणजे दुसऱ्यांची कामे करणारे संगणक, रात्रंदिवस चालतात. त्यांना हात कोणी लावायचा, हा प्रश्न गडाच्या दरवाजाइतकाच जुना आहे.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत 1961 साली एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत दाखविली गेली. मग ज्याचा त्याचा पासवर्ड आला. आपला पहाऱ्यावरचा परवलीचा शब्दच म्हणा ना. यादी त्या यंत्रातच असे. यंत्र एक होते तोवर ठीक. शंभर झाली, तेव्हा याद्याही शंभर झाल्या. तलाठ्याची बदली झाली आणि दप्तराची जुनी किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तर? नोकरी सोडून गेलेल्याचे नाव नव्व्याण्णव ठिकाणी खोडले आणि एके ठिकाणी राहिले, तर ते एक दार त्याला उघडेच.

उपाय सुचला तो टेलिफोनच्या डिरेक्टरीवरून. 1988 साली एक्स-500 हा आंतरराष्ट्रीय नमुना ठरला, पण तो फार अवजड होता. 1993 साली मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती मांडली. तिचे नाव एलडॅप. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी 2000 साली आली. पत्ते सांगणारी वही अशी हळूहळू परवाने सांगू लागली.

आता खुद्द यंत्राकडे येऊ. सर्व्हरच्या आत एक चिमुकला, वेगळा संगणक बसविलेला असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी हा जागाच! त्याच्यामार्फत दूर बसून वीज चालू-बंद करता येते, पंखे आणि तापमान पाहता येते. 1998 साली इंटेल, डेल आदी कंपन्यांनी त्याच्यासाठी आयपीएमआय हा समाईक नियम ठरविला. याच्यावर ज्याचा ताबा, त्याचा सर्व्हरवर ताबा. म्हणून यादीची खरी गरज इथेच आहे.

तुम्ही नाव आणि पासवर्ड दिलात की हा राखणदार स्वतः निकाल देत नाही. तो डिरेक्टरीला विचारतो : हा माणूस खरा का, आणि कोणत्या गटातला? एका गटाला नुसते पाहण्याची मुभा, दुसऱ्याला यंत्र बंद करण्याची, तिसऱ्याला सर्व अधिकार. माणूस गेला की एकाच वहीत एक रेघ. मात्र हा प्रश्नोत्तराचा निरोप उघड्या तारेवरून गेला, तर पासवर्ड वाटेत कोणीही वाचील. तो सांकेतिक रूपातच धाडावा लागतो.

आणि डिरेक्टरीच बंद पडली तर? त्यासाठी यंत्रातच एक नाव राखून ठेवतात. कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, नवा कागदावर लिहून पाकिटात मोहोरबंद करायचा, आणि पाकीट कधी फोडले, कोणी फोडले, याची नोंद वहीत करायची.