वागुरा आणि वाघर

कैरो व बगदाद यांच्या दरम्यान १९२१ साली विमानटपाल सुरू झाली. ती वाहून नेणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना जॉर्डनच्या काळ्या खडकाळ वाळवंटात दगडी भिंतींच्या विलक्षण आकृती दिसल्या. दूरवरून निघालेल्या दोन लांब भिंती जवळ येत येत एका बंदिस्त आवाराला मिळतात. आकारावरून त्यांना ‘पतंग’ हे नाव पडले; मेटलंड याने १९२७ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. अरबस्तानापासून आर्मेनिया व कझाकस्तानपर्यंत असे सहा हजारांहून अधिक अवशेष आज ज्ञात आहेत.

ही आवारे कशासाठी होती? मेंढ्यांचे कोंडवाडे, असे एक मत होते. हरणांचे सापळे, असे दुसरे. केवळ आकाशातून पाहून याचा निर्णय होणे शक्य नव्हते. उत्खननात आवाराच्या भिंतीला लागून खोल खड्डे मिळाले, तेव्हा दुसरे मत सिद्ध झाले. पिटाळलेला कळप भिंतींच्या कडेकडेने आत येई आणि सुटकेची वाट शोधताना त्या खड्ड्यांत पडे. जॉर्डन व सौदी अरेबियात दगडांवर कोरलेले या सापळ्यांचे प्रमाणबद्ध आराखडे क्रासार व त्याच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केले. ते अनुक्रमे सुमारे ९००० व ८००० वर्षांपूर्वीचे आहेत.

कोंडवाडा आणि सापळा यांतील अंतर किती थोडे असते, याची साक्ष मराठीतही सापडते. अमरकोशात ‘वागुरा’ म्हणजे मृग पकडण्याचे जाळे. रात्री मेंढ्यांभोवती धनगर जी जाळी उभारतात, ती ‘वाघर’. दोन्ही शब्द एकच मानावेत. ‘ग’चा ‘घ’ होण्यास ‘वाघ’ शब्दाचे साहचर्य कारण झाले असावे. ज्याच्यापासून राखण करावयाची, तोच शब्दात शिरला! मृगाला अडकविणारी वस्तू मेंढीला राखणारी झाली. रचना मात्र तीच राहिली.

दख्खनमध्ये दगडी सापळ्यांचा आधार नाही. इनामगावच्या उत्खननात हरणांची हाडे मिळाली, परंतु हरिण मारले कसे हे हाडे सांगत नाहीत. फासेपारधी हरणांच्या वाटेवर फाशांची रांग मांडीत व कळप तिकडे पिटाळीत. तत्त्व वाळवंटातलेच, पण दोरीचा फास कुजून जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार गुन्हा ठरली. फाशाच्या प्रत्येक भागाचे नाव पारध्यांच्या भिल्ली-गुजराती वळणाच्या बोलीत ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. ही नावे टिपून घेण्याचे काम उत्खननाइतकेच निकडीचे आहे, आणि त्याला कुदळ लागत नाही.