प्याला, गुत्ता आणि उचल : व्यसनाचे नाट्यचित्रण आणि बीड जिल्हा

मराठी नाटक आणि चित्रपट यांनी व्यसनाचे जे चित्र गेल्या सव्वाशे वर्षांत उभे केले, त्याच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो बुद्धिमान किंवा सरळमार्गी असतो, एखाद्या अपमानाने किंवा मोहाने पेल्याकडे वळतो आणि आपल्याबरोबर घरादाराची धूळधाण करतो. या चित्राचे कलामूल्य वादातीत असले, तरी पेला भरणारा हात कोणाचा आणि त्या पेल्याचा पैसा कोणाच्या तिजोरीत पडतो, हे प्रश्न त्यात क्वचितच विचारले गेले. बीड जिल्ह्याचा भूतकाळ या संदर्भात तपासण्याजोगा आहे, कारण निजामी राजवटीपासून ऊसतोडीच्या हंगामापर्यंत या भागात व्यसनाचा प्रश्न महसूल, मक्ता आणि मजुरी यांच्याशी जोडलेला राहिला आणि रंगमंचावरील व्यसनाधीन माणूस व प्रत्यक्षातील व्यसनाधीन माणूस यांच्यातले अंतर येथे विशेष ठळकपणे दिसते.

सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईपर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. या संस्थानात अबकारी, म्हणजे मद्य व मादक पदार्थांवरील कर, हे उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि त्याचे नियमन फसली १३१६ च्या, म्हणजे सुमारे १९०६-०७ च्या, अबकारी कायद्याने होत असे. फसली ही महसुली कामकाजासाठी वापरली जाणारी कालगणना. तिच्या आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे मिळतो. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. ठरावीक रकमेच्या बदल्यात मिळणाऱ्या अशा हक्काला मराठवाड्यात ‘गुत्ता’ म्हणतात आणि तो घेणारा तो गुत्तेदार. मोहाच्या फुलांपासून गाळलेल्या दारूबरोबरच शिंदीच्या, म्हणजे रानखजुरीच्या, झाडाला खाच पाडून काढलेला रस आंबवून पिण्याची रीत सर्वत्र होती, आणि या पेयालाही शिंदीच म्हणत. झाड, रस काढणारा, विकणारा आणि पिणारा ही सगळी साखळी सरकारी हिशेबात नोंदलेली असल्यामुळे मद्यपान कमी होणे हे सरकारच्या दृष्टीने उत्पन्न घटण्यासारखे होते.

अशा प्रदेशात मद्यपानाचे पहिले चित्रण नाट्यगृहात झाले नाही. ते कीर्तनात, भारुडात आणि तमाशात झाले. बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडाला जे रूप दिले, त्यात समाजातील नाना प्रकारची माणसे सोंगाच्या रूपाने उभी राहतात आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले जाते. भारूड हे एकाच वेळी गाणे, नक्कल आणि निरूपण असते. म्हणून एखाद्या दुर्गुणाला चेहरा, चाल आणि बोली देण्याची सोय या प्रकारात आधीपासून होती. वारकरी कीर्तनकाराने दृष्टान्त देताना झिंगलेल्या माणसाची दोन पावले टाकून दाखवणे हे याच परंपरेतले. मात्र कीर्तनाची परिणती केवळ हसण्यात होत नाही. तुळशीची माळ गळ्यात घालणे म्हणजे मद्य व मांस सोडल्याचे जाहीर करणे, आणि माळकऱ्याने ते व्रत मोडले तर सारा गाव त्याला जाब विचारू शकतो. पाटोदा तालुक्यातील सावरगाव येथे १८९६ मध्ये जन्मलेले संत भगवानबाबा यांनी बीड-पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यात हीच रीत वापरून पशुहत्या व व्यसने यांविरुद्ध लोकांना वळवले आणि पुढे पाथर्डी तालुक्यातील भगवानगड हे त्या कार्याचे ठाणे झाले.

तमाशातील दारुड्याची जात वेगळी होती. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने चालणाऱ्या खेळात बतावणी हा विनोदी संवादांचा भाग असतो आणि सोंगाड्या त्याचा राजा असतो. झिंगण्याचे सोंग घेतले की पाटील, कुलकर्णी, सावकार किंवा फौजदार यांच्याविषयी शुद्धीवरच्या माणसाने बोलू नये ते बोलता येत असे आणि प्रेक्षकही ते दारुड्याचे बरळणे म्हणून पचवत. म्हणजे कीर्तनात दारू निंदेचा विषय होती, तर तमाशात ती सत्य बोलण्याची सवलत होती. यात्रेच्या एकाच मुक्कामात दुपारी कीर्तन आणि रात्री वग ऐकणाऱ्या श्रोत्याला या दोन भूमिकांत विसंगती वाटत नसे.

मध्यमवर्गीय रंगभूमीने मात्र या विषयाला गंभीर शोकांतिकेचे रूप दिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘मूकनायक’ (१९०१) या संगीत नाटकात मद्यपाननिषेध हा विषय आला होता. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’ लिहून त्याला टोकापर्यंत नेले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांनी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगमंचावर आणले. त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांची होती, सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी आणि सुधाकराची गणपतराव बोडस यांनी केली.

या नाटकाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुधाकर हा स्वाभिमानी वकील आहे. न्यायालयातील एका खटक्यामुळे त्याची सनद काही काळ हिरावली जाते आणि त्या मानभंगाच्या क्षणी तळीराम त्याला दुःख विसरण्यासाठी पहिला प्याला देतो. तळीराम हा निव्वळ खलपुरुष नाही. तो ‘आर्य मदिरा मंडळा’चा खंदा कार्यकर्ता आहे आणि या मंडळाच्या सभांतील ठराव, भाषणे व तात्त्विक युक्तिवाद यांतून गडकऱ्यांनी त्या काळातील सभासंमेलनांची यथेच्छ टर उडवली आहे. प्रेक्षक तळीरामाला हसतो आणि त्या हसण्याच्या आडून सुधाकराचा ऱ्हास पुढे सरकतो. सिंधू दळण दळून संसार ओढते, मूल बळी जाते, मृत्युशय्येवरही ती पतीवर दोष येऊ देत नाही आणि अखेरचा प्याला सुधाकर विष कालवून पितो. पहिल्याच प्याल्यात शेवटचा प्याला दडलेला असतो, हा नाटकाचा सिद्धान्त प्रत्येक अंकात एकेक पायरी उतरत सिद्ध केला जातो.

परंतु या पाच अंकी रचनेत मद्याचा ठेका कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नाही. दारू तळीरामाच्या हातून येते, म्हणजे मित्राकडून येते, आणि दोष संगतीचा व स्वभावाचा ठरतो. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या गुत्त्यांच्या वाढीला लेखी विरोध केला होता, हे ध्यानात घेतले तर सरकार आणि दारू यांचा संबंध महाराष्ट्राला अज्ञात नव्हता असे म्हणावे लागते. तो नाटकाच्या चौकटीत मात्र शिरला नाही. सिंधूच्या सहनशीलतेचे झालेले उदात्तीकरणही याच चौकटीचा भाग आहे. जात्यावर बसलेल्या सिंधूला प्रेक्षकांनी अश्रू दिले, पण जात्यावर बसलेल्या प्रत्यक्षातील बाया ओवीमध्ये पिणाऱ्या नवऱ्याविषयी तक्रारही करीत होत्या आणि टोमणेही मारीत होत्या.

मोठ्या नाटक मंडळ्यांचा डोलारा रेल्वेवर चालत असे. पडदे, पेट्या, वाद्ये आणि शंभरएक माणसे बैलगाडीने हलवणे परवडत नसे. बीड जिल्ह्यात परळी रेल्वेमार्गावर आली, तरी बीड शहराला रेल्वेसाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले, यावरून जिल्ह्याचा बराच भाग या मंडळ्यांच्या वाटेपासून किती बाजूला होता याची कल्पना येते. छापील पुस्तके, नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका आणि हौशी प्रयोग याच वाटा अशा भागाला उरत. त्यातच हैदराबाद सरकारच्या ‘गश्ती निशाण ५३’ या १९२९ च्या सुमाराच्या परिपत्रकाने पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा घेण्यास मनाई केली होती. गश्ती म्हणजे खात्यांना फिरवले जाणारे फर्मान. जेथे माणसे जमवण्यालाच परवाना लागे, तेथे सरकारच्या उत्पन्नावर बोट ठेवणारा खेळ उभा राहणे अवघड होते.

ते बोट शेवटी चळवळीने ठेवले. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. तेव्हा हे गाव मोमिनाबाद या नावाने ओळखले जात होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने १९४७-४८ चा लढा दिला, ज्याच्या कार्यक्रमात करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे जकात नाक्यांवर, हल्ले करण्याबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हेही होते. या तोडीमागे नैतिक हेतू होता तसा आर्थिकही होता, कारण झाड पडले की सरकारचे उत्पन्न पडत असे. जे नाटकाला दाखवता आले नव्हते ते या कृतीने उघड केले : व्यसनाचा एक धागा राज्यकर्त्याच्या हिशेबवहीपर्यंत पोहोचतो.

मुंबई प्रांतातील दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात लागू झाली आणि त्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा चित्रपट आला. दामुअण्णा मालवणकरांनी रंगवलेला भोळा नायक औषधासाठी लागणाऱ्या ब्रँडीच्या शोधात वणवण करतो आणि मद्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या नजरेतून मद्याचे जग प्रेक्षकांसमोर येते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तो बीडसारख्या जिल्ह्यांनाही लागू झाला. गुत्तेदाराची जागा त्यानंतर काळा गूळ आणि नवसागर वापरून चोरून दारू पाडणाऱ्या हातभट्टीने घेतली. राज्य आता विक्रेता राहिले नव्हते, पण मागणी तशीच होती आणि पडद्यावरचा दारुड्या मुख्यतः विनोदापुरता उरला.

सरकारने १९७० च्या दशकाच्या आरंभी दारूबंदी सैल केली त्याच सुमारास दोन कलाकृतींनी जुनी चौकट हलवली. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मधील चंपा दारू पिते ती मोहाने नव्हे, तर सखारामची शय्यासोबत सहन करता यावी म्हणून. येथे नशा ही कारण नसून परिणाम आहे आणि सिंधूच्या मुक्या सोसण्यापेक्षा चंपाचे पिणे प्रेक्षकांना अधिक अस्वस्थ करणारे ठरले. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) आदर्शवादी गुरुजी मोहाच्या वाटेने घसरतात, आणि ज्या तमाशाने एके काळी गावातल्या ढोंगाची फिरकी घेतली तोच तमाशा येथे व्यसनाचे प्रतीक बनतो.

यानंतर मुंबई-पुण्यात ‘गर्द’, म्हणजे ब्राउन शुगर हा हेरॉइनचा अशुद्ध प्रकार, पसरला आणि १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा झाला. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने वाचकांना हादरवले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीचे बळ मिळाले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, ही भूमिका तेथून मराठी घरांत पोहोचली. रुग्णाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालवून या केंद्राने सिंधूला बोलते केले, असे म्हटले तरी चालेल. पुढील काळात ‘उडता पंजाब’ (२०१६) या हिंदी चित्रपटाने अमली पदार्थांमागचे राजकारण व व्यापार दाखवला, तेव्हा सेन्सॉर मंडळाच्या कात्रीविरुद्ध निर्मात्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. पेल्यामागचा हात दाखवणे अजूनही सोपे नसल्याचे त्या खटल्याने दाखवून दिले.

बीड जिल्ह्याची गोष्ट या शहरी चित्रणात मावत नाही. पाण्याची चणचण आणि तुटपुंजी कोरडवाहू शेती यांमुळे येथील लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात आणि नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ मोजतात. पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत चालणाऱ्या या कामात तंबाखू भूक मारते, दारू अंगदुखी विसरायला लावते आणि पिण्यावर गेलेला पैसा अखेरीस उचलीच्या हिशेबात दोघांच्या अंगावर फिटतो. म्हणजे नवरा पितो ते कर्ज बायकोच्या कोयत्यानेही फेडले जाते. सुधाकराची सनद परत मिळू शकत होती, कोयत्याला मात्र मुळात सनदच नाही.

याविरुद्धची कृती पुन्हा रंगमंचाबाहेरच घडली. अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये उभारलेली मानवलोक ही संस्था आणि शैला लोहिया यांनी वाढवलेला मनस्विनी हा महिला प्रकल्प यांनी घर मोडलेल्या बायांचे प्रश्न चारचौघांत मांडण्याची वाट तयार केली. २००८ च्या शासन आदेशाने गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून दारू दुकानासाठी मतदान घेण्याची आणि निम्म्याहून अधिक मते पडल्यास ते बंद करण्याची तरतूद झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद, अशी ही खूण अक्षरओळख नसलेल्या बाईलाही समजते.

या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. ‘एकच प्याला’पासून चित्रपटांपर्यंतच्या मुख्य धारेने व्यसनाधीन माणसाविषयीची करुणा उत्कटपणे दाखवली आणि त्या करुणेमुळेच व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची मनोभूमी तयार झाली, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु गुत्तेदार, मुकादम आणि महसूल खाते ही पात्रे तिने नेपथ्यात ठेवली, आणि बीडसारख्या जिल्ह्यात व्यसनाचे कथानक नेमके याच पात्रांनी पुढे नेले. तळीरामाने प्याला पुढे केला एवढेच सांगून थांबणारे नाटक या जिल्ह्याच्या अनुभवाला अपुरे पडते. उचल देणाऱ्याला आणि लिलाव पुकारणाऱ्यालाही संवाद देणारा नाटककार येथील मातीतून अजून यायचा आहे.